गुंगीत नाम कोणी घ्यायचं?

देवीपुढे मी लबाडी केली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भाविक समजायला नको. मी कल्याणचा. ठाण्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज नि कैफियती लिहिण्यात जन्म गेला. स्वभावाने तापट, तोंडाने फटकळ आणि देवाच्या बाबतीत सणापुरता. आमच्या घरातली सगळी भक्ती आईच्या वाट्याला आली होती. सत्तरी ओलांडलेली, सोवळी बाई. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत तिचे ओठ हलत असायचे. भाजी निवडताना राम, निखारे फुंकताना राम, मला रागे भरतानासुद्धा मधे दम खायला थांबली की राम. मी थट्टेने म्हणायचो, "आई, त्याला जरा उसंत दे." त्यावर ती म्हणायची, "शेवटचा श्वास काय सांगून येतो? येईल तेव्हा नाम तोंडात असलं पाहिजे. तेवढंच मागणं आहे माझं." मी हसायचो. तिच्या त्या एका मागण्यावर आमचं सगळं घर पुढे पणाला लागणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. सकाळी तुळशीला पाणी घालून वळताना आई शेवाळावरून घसरली आणि कुशीवर आपटली. उठवायला गेलो तर अशी किंचाळली की शेजारचे धावून आले. हाडवैद्य आला, त्याने चाचपून सांगितलं, "खुबा निखळलाय," आणि पाय धरून ओढला. ती ओरड अजून माझ्या कानात आहे. मग तेल चोळून, बांबूच्या कामट्या लावून त्याने पाय करकचून बांधला. आठ दिवस गेले. पाय दोन बोटं आखूड दिसायला लागला, पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं, आणि आई रात्रंदिवस तळमळत राहिली. ओठ मात्र हलत होते. मी हाडवैद्याला नको नको ते बोललो. तो बिचारा म्हणाला, "मला जमेल तेवढं केलं, साहेब." खरंच होतं ते, पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

शेवटी ठाण्याच्या नौपाड्यातले एक डॉक्टर मी गळ घालून कल्याणला आणले. मुंबईला शिकून आलेले, राहत्या घराच्या ओसरीवरच दवाखाना थाटलेले, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी कामट्या सोडल्या, पाय नीट पाहिला आणि म्हणाले, "हा निखळलेला नाही, मोडलाय. हाडावर हाड चढलंय. आणि हे बघा, इथे आतून टोचतंय ना, ती हाडाची कपरी, सुटलेला टोकदार तुकडा आहे. चार दिवसांत कातडी फोडून बाहेर येईल, मग पू होईल, विष चढेल. पाय ओढून सरळ करायचा, कपरी कापून काढायची आणि सहा आठवडे काखेपासून टाचेपर्यंत फळी बांधून निजवायचं." मी विचारलं, "एवढं सोसेल का तिला?" ते म्हणाले, "तेच तुम्हाला ठरवायचं आहे. क्लोरोफॉर्म हुंगवून गुंगीत केलं तर कळ लागणार नाही, पाय सैल पडेल, सरळही नीट होईल. पण या वयात गुंगीतून माणूस परत न येण्याचं भय असतं. जागेपणी केलं तर ते भय नाही, पण वेदनेनेच काळीज बंद पडू शकतं. मी असतो तर गुंगी दिली असती. पण खात्री मागाल तर ती माझ्यापाशी नाही." डॉक्टरांचा हा खरेपणा मला त्या वेळी अजिबात आवडला नाही. माणसाने कसं, छातीवर हात ठेवून सांगावं!

आई सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "गुंगी नको." मी समजावलं, बायकोने समजावलं. तिचं एकच. "गुंगीतच गेले तर? तोंडात नाम नाही, मनात नाम नाही, झिंगलेल्या माणसासारखी जाऊ? साठ वर्षं जपलं ते ऐन वेळी कुणी काढून घ्यायचं? त्यापेक्षा ओरडत जाईन. पण रामाला ओरडत जाईन." मी चिडलो. चिडलो म्हणजे काय, घाबरलो होतो. ती ओरड मला पुन्हा ऐकायची नव्हती. तिच्या वेदनेची मला कळकळ होती हे खरं, पण त्यातली निम्मी कळकळ माझ्या स्वतःच्या कानांची होती, हेही खरं. शेवटी आईच म्हणाली, "गावदेवीला कौल लाव. ती म्हणेल तसं."

कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवळात गेलो. गुरवाने विचारलं, "आई, गुंगीचं औषध घेऊन म्हातारीचा पाय करावा का?" थोड्या वेळाने डावी पडली. मी म्हटलं, "आता विचार, औषधाविना करावा का?" पुन्हा कळ्या लावल्या. पुन्हा डावी. गुरव माझ्याकडे बघायला लागला. "असं कसं हो? दोन्हीला नाही म्हणते." मी उसळून म्हणालो, "मग करायचं काय? तशीच कुजू द्यायची?" तो बापडा म्हणाला, "रागावू नका, मी तेल घेऊन येतो, दिवा करू आणि सावकाश पुन्हा विचारू." तो मागे गेला. तेवढ्यात मी स्वतः गाभाऱ्यात वाकलो, डावी कळी अंगठ्याने दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली. ती पडणारच होती. ती पडली. ती कळी पदरात घेतल्यासारखी उपरण्यात बांधून मी गुरव यायच्या आत देवळातून निघालो, आणि घरी येऊन आईला म्हणालो, "उजवी दिली. गुंगी घ्यायची." आईने कळी डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "तिची आज्ञा. आता माझं काही म्हणणं नाही."

त्या क्षणापासून मला अन्न गोड लागेना. आई गुंगीत गेली, तर तिचं साठ वर्षांचं धन मी चोरल्यासारखं होतं. आणि तिला खरं सांगून टाकावं, तर ती हट्टाला पेटून जागेपणीच पाय ओढून घेणार, ते माझ्याने बघवणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प बसलो.

मोडक्या खुब्याने आगगाडीत बसणं शक्य नव्हतं, म्हणून खाडीने होडी केली. कल्याणहून भरतीच्या शेवटाला निघायचं, उतरत्या पाण्याबरोबर जायचं, दुपारच्या आत ठाणं गाठायचं असा बेत होता. आईला गादीसकट मधोमध निजवलं. होडीवाल्या कोळ्याची आई, साठीची दणकट कोळीण, मागे सुकाणाशी बसली होती. आमची आई सोवळ्यातली. तिने अंग चोरून पदर सावरला, आणि कोळीणही शहाणी, तिने आपणहून अंतर राखलं. डोंबिवलीचा किनारा मागे पडला, मुंब्य्राचा डोंगर मागे पडला. पण वारा तोंडावर आला, उशीर झाला, आणि बाळकुमपाशी ओहोटीने दगा दिला. होडी चिखलात टेकली ती टेकलीच. मी आकाशपाताळ एक केलं. "सहा तास आता इथे बसायचं? डॉक्टर वाट बघताहेत!" कोळीण शांतपणे म्हणाली, "वरडून पानी येत नाय, दादा. आपलं घर हितंच हाय. खाट आनतंय." तिच्या लेकाने आणि जावयाने घरची खाट आणली, आणखी दोघे आले, आणि चौघांनी आईला खाटेसकट चिखलातून उचलून काठावर घेतलं. माजिवड्यावरून नौपाड्यापर्यंत ते चालत आले. मी मागे, माझी बायको मागे, आणि कोळीण आईच्या बाजूने, उन्हाच्या दिशेला आपला पदर पसरून. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळी तयारी केली होती. लाकडी मेज, कार्बोलिकचा वास, कढत पाणी. त्यांचा एक गडी पाय ओढणार होता. दुसरा त्या दिवशी आला नव्हता, म्हणून कमरेभोवती गुंडाळलेली चादर वरच्या बाजूला ताणून धरायचं काम माझ्यावर आलं. कंपाउंडर आईच्या नाकावर घडीचं कापड धरून शिशीतून थेंब टाकणार. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोठ्याने अंक मोजा. आवाज थांबला की गुंगी आली असं आम्ही समजतो." आई म्हणाली, "अंक कशाला? राम म्हणते की." डॉक्टर हसले. "म्हणा." मग आई माझ्याकडे वळली. "माझं तोंड थांबलं की तू धर. माझ्या कानाशी म्हणत राहा. मधे खंड पडू देऊ नकोस. गेले तर नाम ऐकत तरी जाईन." मी मान हलवली. तोंड उघडलं. आणि आवाजच निघेना. जिभेवर राम आणावा तर ती चिकटवलेली कळी डोळ्यांपुढे येई. आई बघत होती. तिला वाटलं, मी भ्यालो.

दारातून कोळीण म्हणाली, "आये, नाव मी घेतंय. तुला चालंल का?" डॉक्टर वैतागले, "बाई, इथे गर्दी नको." पण आई थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिली. पाणवठ्यावर दुसऱ्याच्या ओल्या लुगड्याचा शिंतोडा उडाला तरी पुन्हा आंघोळ करणारी माझी आई. ती म्हणाली, "चालेल, बाई. ये इकडे. जवळ ये." कोळीण हातपाय धुऊन आली, मेजाशी गुडघे टेकून बसली आणि आईच्या तोंडाजवळ तिने आपला कान नेला. "तू नीज गो आये. मी हाय."

आईचा राम हळूहळू जड झाला, अडखळला, थांबला. कोळणीचा सुरू झाला. डॉक्टरांनी खूण केली, गड्याने पाय ओढला, मी चादर ताणली, आणि आतून हाड सरकल्याचा आवाज मी ऐकला. "आलं, आलं, सरळ आलं!" डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे पायाकडे बघत होतो. डॉक्टर, गडी, मी, आणि शिशी हातात धरलेला कंपाउंडरसुद्धा. त्याचे थेंब चालूच होते. त्याला तरी काय दोष देऊ? तसं हाड सरळ होताना कुणीही बघत राहिलं असतं. एकटी कोळीण पायाकडे बघत नव्हती. तिचा राम एकदम तुटला आणि ती ओरडली, "दम नाय! आयेचा दम थांबला!"

डॉक्टरांनी कापड भिरकावून दिलं. चिमट्याने आईची जीभ बाहेर ओढली, डोकं मेजाच्या कडेवरून खाली सोडलं, तिचे दोन्ही हात डोक्यामागे नेऊन छातीवर दाबायला लागले, पुन्हा मागे, पुन्हा छातीवर. आईचे ओठ निळे पडले होते. मी चादर धरून तसाच उभा. सोडावी की धरून ठेवावी तेही कळेना. मनात काही प्रार्थना वगैरे नव्हती, खोटं कशाला सांगू. "मी केलं, मी केलं," एवढंच चाललं होतं. आणि कोळीण आईच्या कानाशी पुन्हा सुरू झाली होती, आता मोठ्याने, जवळजवळ दरडावून. "राम म्हन गो! राम म्हन! आये, राम!" किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आईच्या घशातून घरघर झाली, आणि छाती वर आली. एकदा. मग पुन्हा. डॉक्टरांच्या कपाळावरून घाम गळत होता. ते म्हणाले, "आता आणखी औषध नाही. कपरी अशीच काढतो. धरा." त्यांनी कापलं तेव्हा आई अर्धवट शुद्धीत होती. ती कण्हली, पण ती पहिली ओरड नव्हती. पाय गुंगीत बसला, कपरी गुंगीविना निघाली. गावदेवीने दोन्हीला नाही म्हटलं होतं. त्याचा अर्थ लावायला मी बसत नाही. माझा तो अधिकार नाही, निदान मी त्या दिवशी जे केलं त्यानंतर तरी नाही.

फळी बांधून आईला डॉक्टरांच्याच शेजारच्या खोलीत ठेवलं. चौथ्या दिवशी तिला चांगलं बोलता यायला लागलं, आणि मला राहवेना. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "डावी किती वेळा?" मी म्हणालो, "दोनदा." "आणि मग तू काय केलंस?" मी अंगठ्याने कशी दाबली तेही सांगितलं. "मेल्या!" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी माझ्या हातचं पाणीसुद्धा तिने घेतलं नाही. बायकोने भरवलं. मी ओसरीवर बसून राहिलो. पन्नाशी गाठलेला माणूस, पण चूक झालेल्या पोरासारखा रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. "इकडे ये. रागावले नाही आता. रात्रभर विचार केला. तू कळी घेऊन आलास ना, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. देवीने सांगितलं म्हणून नव्हे रे. आता ठरवायचं माझ्यावर नाही म्हणून. मी भ्याले होते. त्या वैद्याने पाय ओढला तेव्हा माझ्या तोंडून राम निघाला नव्हता, ठाऊक आहे तुला? आई गं, मेले गं, एवढंच निघालं. साठ वर्षांचं नाम एका झटक्यात पळालं. ते तुला कसं सांगू? ते झाकायला हट्ट धरला होता, नामाचा." ती पुढे म्हणाली, "तुझी लबाडी, माझा गर्व. आणि त्या दिवशी नाम घेतलं ते त्या परक्या बाईने. तुला घेता आलं नाही, मला घेता आलं नाही. मग आपण जपलं जपलं म्हणतो, ते काय जपलं? तोच जपतो." इतकं बोलून ती दमली आणि म्हणाली, "आता पाणी दे."

पुढे फळी सुटल्यावर मी लुगडं आणि चोळी घेऊन बाळकुमला गेलो. कोळीण अंगणात सुकत घातलेली जाळी उलटीपालटी करत होती. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर ती मागे सरली. "काय करतोस, दादा! भट आमच्या पाया पडतात व्हय?" मी विचारलं, "आम्ही एवढे चौघं होतो, तुलाच कसं कळलं?" ती म्हणाली, "तुम्ही पाय बघत व्हतं. आमच्यात कोन बुडला न् वर काढला, तर बायका पयला त्याच्या तोंडाला कान लावतात. दम हाय का नाय, त्येच बघतात. बाकी सगला नंतर. तीच सवय. मी काय केलं? दम नाय आला म्हून वरडले." एवढं म्हणून ती आत जाऊन माझ्यासाठी शहाळं घेऊन आली. मी तिथेच उभ्या उभ्या प्यालो. गावदेवीपुढेही मग जाऊन आलो. गुरवाला सगळं सांगितलं, आणि देवीपुढे काही न मागता, काही न विचारता बराच वेळ बसलो. तशी सवय नव्हती मला. तेव्हापासून लागली.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. जरा लंगडत, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी तुळशीपर्यंत जात. नाम चालूच होतं, पण पूर्वीची धास्ती त्यात राहिली नव्हती. कधी गप्पांत रंगली की विसरायचीसुद्धा, आणि आठवलं की स्वतःलाच हसायची. गेली ती एका दुपारी, जेवून आडवी झाली असताना. बायको परसात होती, मी कचेरीत. कुणालाच कळलं नाही. मी पोचलो तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते. शेवटच्या श्वासाला तिच्या तोंडात नाम होतं की नव्हतं, हे जगात कुणीच सांगू शकत नाही. जन्मभर तिला ज्या गोष्टीचं भय होतं, नेमकं तेच झालं असेल, किंवा झालंही नसेल. समाचाराला आलेले लोक विचारत, "शेवटी राम म्हणाल्या का?" मी सांगे, "ठाऊक नाही." पूर्वीचा मी असतो तर "हो" म्हणून ठोकून दिलं असतं. खोटं बोलायची मला आता गरज वाटत नाही. चिखलात रुतलेल्या होडीतून ज्याने तिच्या कानाशी माणूस पोचवलं, तो त्या दुपारी तिला एकटीला टाकून जाईल, असं मला मुळीच वाटत नाही. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना मी शांत झोपतो. माझ्यासारख्याला एवढं मिळालं, हे फार झालं.